पियानोत लाकूड कमी पडतंय

परवा एका गाण्यासाठी कॉम्प्युटरवर केलेला पियानो ऐकवला. गायिकेचे मामा, ज्यांचा त्या गाण्याशी संबंध तिला गाडीने सोडायला आले एवढाच, ते सोफ्यावरून म्हणाले, "सगळं छान आहे रे, पण पियानोत लाकूड कमी पडतंय."

लाकूड! आणि मी या पियानोपायी रात्र रात्र जागलेलो. कीस्केप हा खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सूर, म्हणजे सॅम्पल, भरलेला सॉफ्टवेअरमधला पियानो घ्यावा तर तो तब्बल ७७ जीबी, म्हणजे आधी लॅपटॉपमधले घरचे फोटो बाहेर काढा, मग पियानो आत घ्या. काढले, घेतला. उलट पियानोटेक नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सॅम्पलच नाहीत, तार, हातोडी, साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) सगळ्याचं गणित मांडून आवाज तिथल्या तिथे तयार होतो, त्यामुळे फाइल इवलीशी, आणि तो ज्यांच्या डोक्यातून निघाला ते फिलिप गियोम गणितात शिरण्याआधी पियानो ट्यून करायचे, म्हणजे माणसाला कळत असणार. पण डेमोत काही पट्ट्या मुक्या आणि २० मिनिटांनी आवाज बंद, मुक्या पट्ट्या चुकवता चुकवता माझी चालच बदलायला लागली. नॉयर नावाच्या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तारा आणि हातोडीच्या मधे फेल्टवाला सुंदर मऊ आवाज आहे, पण त्यावर काहीही वाजवा, कोणीतरी गेल्यासारखं वाटतं, आणि आमचं गाणं नाचायचं.

शेवटी एक भरगच्च सॅम्पलवाला ग्रँड पक्का केला. वेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली की किती मोठा आवाज हे ठरवणारा आलेख, तो पण बसवला, कारण मिडीत (कीबोर्ड ज्या भाषेत कॉम्प्युटरशी बोलतो ती) हा जोर १२७ पर्यंत जाता येत असलं तरी माझा कीबोर्ड शंभरच्या वर चढायला कुरकुरतो. आणि आता हे.

"लाकूड म्हणजे नक्की काय, मामा?"

"अरे खरा पियानो लाकडाचा असतो ना?"

"हो."

"मग ते ऐकू यायला नको?"

मी गुपचूप पेडल नॉइज, की नॉइज, जे जे मेकॅनिकल म्हणून होतं ते सगळं वर ढकललं. लोकांनी माइक लावून पेडलचा धपकासुद्धा रेकॉर्ड केलेला असतो हो, उगाच नाही डिस्क भरत. प्ले केलं तर मामा दचकले.

"ही खडखड कसली?"

"लाकूड."

"छे, कोणीतरी दार आपटतंय. काढ ते." काढलं. "हं, आता परत खोटा वाटतोय."

गायिका मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "मामांचा कान फार तयार आहे."

मग मामांनी खरा पियानो कसा असतो ते मला त्यांच्या फोनच्या स्पीकरवर ऐकवलं, डोळे मिटून, बोट हवेत. तो चक्क रोड्स होता! इलेक्ट्रिक पियानो! ज्याला ना तारा ना साउंडबोर्ड, हातोडी धातूच्या काडीवर आपटते आणि पिकअप तो आवाज उचलतो. "हे बघ," मामा म्हणाले, "लाकूड!"

कीस्केपमध्ये रोड्स आहे. लावला. सगळे खूश.

ड्रमवाल्याला कोणी सांगतं का, चामडं कमी आहे म्हणून? नाही, कारण तो समोर घाम गाळताना दिसतो. आमचं काय, कॉम्प्युटरच करतो ना सगळं, त्यामुळे सोफ्यावर बसलेल्या कोणालाही मत असतं, आणि वर ते फुकट असतं.

पुढे मिक्सवाल्याने बेसला जागा हवी म्हणून त्या रोड्सचं २५० हर्ट्झच्या खालचं सगळं छाटलं आणि उरलेला गिटारमागे ढकलून दिला. मामांनी आता त्याचा नंबर मागितलाय.