‘पहिले दलित राष्ट्रपती’, एवढंच?

या प्रजासत्ताक दिनाला आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत सामान्यज्ञान स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. “देशाचे पहिले दलित राष्ट्रपती कोण?” असा प्रश्न आला आणि वीस-पंचवीस हात एकदम वर गेले. सातवीतल्या एका मुलीनं खणखणीत आवाजात सांगितलं, “के. आर. नारायणन!” टाळ्या पडल्या. मी तिला विचारलं, “बाळ, राष्ट्रपती असताना त्यांनी काय केलं, सांगशील?” ती गप्प झाली आणि तिच्या बाईंकडे बघायला लागली. बाई माझ्याकडे.

मुलीची काही चूक नाही. मी स्वतः एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. ‘राष्ट्रपती हे नामधारी प्रमुख असतात’ हे वाक्य फळ्यावर कितीदा लिहिलं असेल, मोजदाद नाही. पण त्या पदावर बसून एक माणूस घटनेच्या चौकटीत राहूनच ‘थांबा, पुन्हा विचार करा’ असं दोन वेगवेगळ्या सरकारांना म्हणाला होता, हे मी एकाही वर्गाला नीट समजावून सांगितलं नाही. ते राहून गेलं याची खंत आहे, म्हणून आज लिहितोय. पोस्ट लांब होणार आहे.

नारायणन केरळमधल्या कोट्टायम जिल्ह्यातल्या उळवूरचे. त्यांचा जन्म १९२० चा. २७ ऑक्टोबर ही तारीखसुद्धा शाळेत नाव घालताना सांगितलेली, खरी तारीख घरात कुणाला ठाऊक नव्हती. वडील वैदू, झाडपाल्याची औषधं देणारे. सात भावंडं. जात परवन, म्हणजे तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानात अस्पृश्य. ज्या वायकोम सत्याग्रहात देवळाभोवतीच्या रस्त्यावरून नुसतं चालण्याच्या हक्कासाठी लोकांनी मार खाल्ला, तेव्हा हे पोर चार वर्षांचं होतं. संस्थानातली देवळं सगळ्यांना खुली करण्याचा जाहीरनामा निघाला १९३६ साली, तेव्हा ते सोळा वर्षांचे झाले होते.

भाताच्या खाचरांतून रोज जाऊन-येऊन पंधरा किलोमीटर चालत शाळेत जायचं. फी थकली की वर्गाबाहेर उभं राहायचं आणि बाहेरूनच आत काय शिकवतात ते ऐकायचं. पुस्तकं विकत घेणं शक्यच नव्हतं. मोठा भाऊ नीलकंठन दम्यानं घरीच असायचा. तो इतर मुलांकडून पुस्तकं मागून आणायचा, हातानं उतरवून काढायचा आणि ती वही धाकट्याला द्यायचा. मला त्या भावाबद्दल फार वाटतं. स्वतःला धाप लागतेय, शाळा सुटलीय, आणि हा बसून दुसऱ्याचं पाठ्यपुस्तक ओळीन् ओळ लिहून काढतोय. आमच्या शाळेतही अशी भावंडं पाहिली आहेत. मोठी बहीण कामाला जायची आणि धाकट्याच्या वह्यांना रात्री कव्हर घालून द्यायची.

पुढे शिष्यवृत्तीवर कॉलेज झालं. १९४३ साली इंग्रजी साहित्यात ते विद्यापीठात पहिले आले. पहिल्या आलेल्याला प्राध्यापकी मिळायची, यांच्यापुढे कारकुनी ठेवली गेली. त्यांनी ती नोकरी नाकारली आणि पदवी घ्यायलाही गेले नाहीत. तेवीस वर्षांचं पोर, घरात खायची भ्रांत, आणि हा बाणा.

तिथून दिल्ली. मग वर्तमानपत्रातली नोकरी. १० एप्रिल १९४५ ला मुंबईत त्यांनी गांधीजींची मुलाखत घेतली. त्याच वर्षी जे. आर. डी. टाटांकडून शिष्यवृत्ती मिळाली आणि ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये राज्यशास्त्राचे प्राध्यापक हॅरॉल्ड लास्की यांचे विद्यार्थी झाले. बाबासाहेब ज्या संस्थेत शिकले तीच ही संस्था. या उमद्या माणसाच्या वाटेवर मुंबईचाही हातभार लागला, याचा मला मराठी माणूस म्हणून आनंद आहे.

शिकून परतताना लास्कींनी नेहरूंसाठी एक पत्र दिलं. पुढचा प्रसंग नारायणन स्वतः सांगायचे. संसद भवनात नेहरूंची भेट झाली, लंडनच्या चार गोष्टी झाल्या, वेळ संपत आली. हे उठले, जाता जाता पत्र हातात दिलं आणि बाहेरच्या गोल व्हरांड्यातून चालायला लागले. अर्धा फेरा झाला असेल, मागून टाळी ऐकू आली. वळून बघतात तर पंतप्रधान दारात उभे राहून हातानं बोलावताहेत. पत्र वाचून झालं होतं. “हे आधी का नाही दिलंत?” असं नेहरूंनी विचारलं. हे म्हणाले, निघताना दिलं तरी पुरे असं वाटलं. शिफारसपत्र खिशात असताना आधी स्वतः बोलायचं, चिठ्ठी शेवटी द्यायची! आपल्याकडे बदलीच्या अर्जालासुद्धा आधी आमदाराची चिठ्ठी जोडतात. मी जवळून पाहिलंय ते सगळं.

१९४९ मध्ये ते परराष्ट्र सेवेत लागले. रंगूनला असताना ब्रह्मदेशच्या मा तिंत तिंत भेटल्या. परदेशी मुलीशी लग्न करायला सेवेत मनाई होती, नेहरूंनी खास परवानगी दिली, १९५१ मध्ये लग्न झालं आणि त्या उषा नारायणन झाल्या. पुढची बरीच वर्षं परदेशी वकिलातींत गेली. त्यातली एक गोष्ट मोलाची. १९६२ च्या युद्धानंतर बीजिंगला आपला राजदूतच नव्हता, तो १९७६ मध्ये पुन्हा पाठवायचं ठरलं तेव्हा निवड यांची झाली. मध्यंतरी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरू, मग अमेरिकेत राजदूत. १९८४ पासून ओट्टप्पालममधून सलग तीनदा लोकसभेवर, राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री, १९९२ मध्ये उपराष्ट्रपती. त्याच वर्षी डिसेंबरात बाबरी मशीद पाडली गेली. गांधीजींच्या हत्येनंतरची ही देशावरची सगळ्यात मोठी आपत्ती आहे, असं उपराष्ट्रपती असताना ते स्पष्ट बोलले.

१९९७ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक आठवत असेल. समोर माजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन उभे होते, त्यांना शिवसेनेचा पाठिंबा होता. बाकी जवळपास सगळे पक्ष नारायणन यांच्या बाजूचे आणि पंचाण्णव टक्के मतं त्यांना पडली. २५ जुलैला शपथविधी झाला. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये कुणी पेढे आणले होते. कुणी असंही म्हणालं, “दलित आहेत म्हणून बसवलंय, सही करायला.” मी तेव्हा गप्प बसलो. आज उत्तर देतो.

तीन महिन्यांतच, २१ ऑक्टोबरला, उत्तर प्रदेशच्या विधानसभेत माइक उपटून फेकाफेकी झाली, आमदारांची डोकी फुटली. त्या गोंधळातच मुख्यमंत्री कल्याणसिंहांनी बहुमत सिद्ध केलं. राज्यपालांनी राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली आणि केंद्रातल्या गुजराल सरकारनं ती पुढे राष्ट्रपतींकडे पाठवली. तोवर अशा शिफारशीवर राष्ट्रपतींची सही ठरलेलीच असायची. नारायणन यांनी फाइल फेरविचारासाठी परत पाठवली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं राष्ट्रपतींना एवढाच अधिकार दिलाय. सल्ला एकदा परत पाठवता येतो, मंत्रिमंडळानं तोच पुन्हा दिला तर सही करावी लागते. सरकारनं विचार बदलला आणि राज्य सरकार वाचलं. ते सरकार भाजपचं होतं, हे लक्षात घ्या.

पुढच्या वर्षी दिल्लीत वाजपेयींचं सरकार आलं आणि त्यांनी बिहारमधल्या राबडीदेवींच्या सरकारबद्दल तीच शिफारस केली. सप्टेंबर १९९८ मध्ये नारायणन यांनी तीही परत पाठवली. एकदा वाचलं भाजपचं सरकार, एकदा लालूंच्या पक्षाचं. त्यांचं माप एकच होतं. पुढे जानेवारी-फेब्रुवारी १९९९ मध्ये बिहारात दलितांची हत्याकांडं झाली, शिफारस पुन्हा आली, तेव्हा त्यांनी सही केली. पण राज्यसभेत पाठबळ नसल्यानं केंद्राला ती राजवट महिन्याभरातच उठवावी लागली.

सरकार बनवायच्या वेळीही तसंच. १९९६ मध्ये, म्हणजे नारायणन राष्ट्रपती होण्याआधी, सगळ्यात मोठ्या पक्षाला बोलावलं गेलं आणि सरकार तेरा दिवसांत कोसळलं. १९९८ मध्ये यांनी वाजपेयींकडे पाठिंब्याची पत्रं मागितली. १९९९ मध्ये जयललितांनी पाठिंबा काढल्यावर विश्वासदर्शक ठराव मांडायला सांगितलं, सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मतानं पडलं. त्यावरून त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. मला मात्र यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. अशा मोठ्या निर्णयांची कारणं ते निवेदन काढून लोकांना सांगायचे. राष्ट्रपती भवनाच्या भिंतीआड काय ठरलं आणि का ठरलं, हे शेतमजुरालाही कळलं पाहिजे असं त्यांना वाटायचं.

आता मतदानाचं सांगतो. मी सात-आठ निवडणुकांना इलेक्शन ड्युटी केली आहे. पुढारी आला की रांग आपोआप बाजूला होते. कुणी ‘सरका’ म्हणावं लागत नाही, माणसं स्वतःच सरकतात. डोक्यावरचा पदर सावरत सकाळपासून उभी असलेली म्हातारीसुद्धा सरकते. पुढारी आत येतो, मी बोटाला शाई लावतो, फोटो निघतो, तो जातो. तोवर मतदान करणं राष्ट्रपतींना शोभत नाही, त्यांनी तटस्थ राहावं, असा दंडक होता. १६ फेब्रुवारी १९९८ ला नारायणन राष्ट्रपती भवनाच्या आवारातल्या शाळेत गेले, रांगेत उभे राहिले आणि मत देऊन आले. सार्वत्रिक निवडणुकीत मत देणारे ते पहिले राष्ट्रपती. फी नाही म्हणून वर्गाबाहेर उभं केलेला मुलगा देशाचा पहिला नागरिक होऊन शाळेच्या दारात रांगेत उभा आहे. त्यांना त्या क्षणी उळवूरची शाळा आठवली असेल का, हे माझ्या मनात नेहमी येतं.

सगळं त्यांना हवं तसं झालं असं नाही. २००२ मध्ये गुजरात पेटलं, त्यांनी पंतप्रधानांना पत्रं लिहिली, लष्कराला पुरते अधिकार द्या म्हणून सांगितलं, हे त्यांनी निवृत्तीनंतर बोलून दाखवलं. पत्रापलीकडे राष्ट्रपतीच्या हातात फार काही नसतं. याहून जास्त करायला हवं होतं असं म्हणणारे माझे मित्र आहेत. मला त्यांचं दुःख कळतं, पण घटनेची रेघ ओलांडली असती तर ते नारायणन राहिले नसते.

त्यांचं सगळ्यात मोठं काम मला वाटतं ते एक भाषण. सरकारनं घटनेच्या फेरआढाव्याची भाषा सुरू केली होती. २७ जानेवारी २००० ला संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये प्रजासत्ताकाच्या सुवर्णमहोत्सवाचा सोहळा होता, पंतप्रधानही हजर होते. तिथे नारायणन यांनी बाबासाहेबांचा दाखला दिला, की मसुदा समितीनं संसदीय पद्धत निवडताना सरकारच्या स्थैर्यापेक्षा त्याच्या जबाबदारीला जास्त महत्त्व दिलं होतं. आणि मग ते वाक्य आलं. घटनेमुळे आपण अपयशी ठरलो की आपल्यामुळे घटना, हे आधी तपासा, अशा अर्थाचं. नोव्हेंबर १९४८ मध्ये बाबासाहेब घटना समितीत म्हणाले होते, की पुढे काही बिघडलं तर दोष घटनेचा नसेल, माणसाचा असेल. एक्कावन्न वर्षांनी त्याच जातवास्तवातून आलेला दुसरा माणूस तेच, त्याच गांभीर्यानं विचारत होता.

नारायणन ९ नोव्हेंबर २००५ ला दिल्लीत वारले.

त्या मुलीला मी स्पर्धा संपल्यावर थांबवून फाइल परत पाठवल्याची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, “सर, मग त्यांना कुणी रागावलं नाही?” मी म्हटलं, रागावले ना, पुष्कळ रागावले. ती म्हणाली, “तरी केलं?”

तिच्यासाठी मी त्या सेंट्रल हॉलमधल्या भाषणाचं मराठी करायला घेतलंय. दोन परिच्छेद झालेत, त्या वाक्यावर आठवडाभर अडलोय. ‘अपयशी ठरवलं’ पुस्तकी वाटतं. ‘दगा दिला’ फार कडक होतं. सध्या वहीत असं लिहिलंय: ‘घटना आपल्याला कमी पडली, की आपण घटनेला कमी पडलो?’ तुम्हाला याहून नेमकं काही सुचत असेल तर खाली लिहा. पुढच्या २६ जानेवारीला प्रास्ताविकेनंतर ते शाळेत वाचायचं ठरलंय, आणि वाचणार तीच मुलगी आहे.