नाताळला दिवेआगर, आणि व्यंकटचं बुकिंग

लातूरच्या गंजगोलाईजवळच्या कट्ट्यावर २०२१ च्या डिसेंबरात नाताळच्या सहलीवरून जुंपली. एसटीचा संप चालू, म्हणून गाडी व्यंकटची. गाडी त्याची म्हणून हट्टही त्याचाच: कोकणातलं दिवेआगर.

सरांना ते पटेना. "आधी निसर्ग, मग तौक्ते. वर्षाच्या आत दोन वादळं सोसलेल्या गावात मौज करायला जायचं? किल्लारीचा भूकंप विसरलात का? ढिगाऱ्याखाली माणसं होती अन् बघ्यांच्या गाड्यांनी रस्ते तुंबले होते."

लातुरात किल्लारीचं नाव निघालं की वाद तिथंच मिटतो. त्या दिवशी मिटला नाही, कारण समोर बालाजी होता. निसर्गनंतर ठेकेदाराच्या टोळीत विजेचे खांब उभे करायला तो श्रीवर्धनकडं गेला होता. बाकीचे ऐकीव बोलतात, हा पाहिलेलं बोलतो.

"सर, बघ्या वेगळा अन् गिऱ्हाईक वेगळं. ३ जून २०२० ला वादळ आलं. त्यानंतर महिना-दोन महिने तिकडं कुणी फिरायला जाणं पापच होतं. खोल्या आमच्यासारख्या टोळ्यांना लागत होत्या, लाइट नाही, लाइट नाही म्हणून विहिरीवरची मोटर नाही. आता दीड वर्ष झालं. सुपारी नवी लावली तर पाच-सहा वर्षं हाती काही येत नाही, नारळाला त्याहून जास्त. वाडी आडवी झाली, उरल्या त्या दोन खोल्या. त्याबी आपण रिकाम्या ठेवायच्या?"

"सरकारनं दिले की पैसे," व्यंकट म्हणाला. व्यंकटला दुसऱ्याला मिळालेला पैसा लांबूनही दिसतो.

"हेक्टरी ५० हजार. अन् तिथं वाडी केवढी? दहा-पंधरा गुंठे. दहा गुंठ्याचा काढ हिशोब."

हिशोब सरांनी काढला. पाच हजार. सर त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

व्यंकट मात्र दबणाऱ्यातला नाही. "मग तर अजून सोपं. गरजू आहेत, भाव पाडून मागू."

बालाजी म्हणाला, "गुलाब वादळाच्या पावसात मांजरा धरणाचे १८ दरवाजे उघडले, तुझं सोयाबीन भिजलं, तवा अडत्यानं हेच म्हणलं होतं तुला. त्याला शिव्या देत महिनाभर हिंडलास लेका."

टपरीवाल्यानं गाळणं हातात धरून मान हलवली. व्यंकटनं विषय बदलायला गणपतीपुळ्याच्या सहलीतला टोल काढला, तो कुणी भरला अन् कुणी बुडवला. त्यावर दहा मिनिटं गेली. हा टोल दर सहलीआधी निघतो आणि दर वेळी भरणारा वेगळा असतो. मधेच सरांनी सांगितलं की तेच गुलाब मराठवाडा ओलांडून अरबी समुद्रात उतरलं, तिथं त्याचं शाहीन झालं आणि ओमानला जाऊन धडकलं. म्हणजे वादळ हे फक्त कोकणाचं दुखणं राहिलेलं नाही. हे कट्ट्यावर सगळ्यांनाच लागलं.

मग जायचं तर नीट जायचं, यावर बालाजी आला. त्याचं एकेक वाक्य लिहून घेण्यासारखं होतं. खोली ठरवताना समुद्र दिसतो का हे विचारू नका, डोक्यावर स्लॅब आहे का पत्रा हे विचारा. कौलं उडाली तिथं बऱ्याच जणांनी घाईत पत्रे घातले, दुपारी त्या खोलीत बसवत नाही. इन्व्हर्टर आहे का विचारा, अन् त्यावर पाण्याची मोटर चालते का तेही विचारा. बहुतेकांचा पंखा-दिव्यापुरताच असतो.

"लाइट अजून जाते का?" सरांनी विचारलं.

"वारं सुटलं की जाणार. आठ मीटरचा खांब दीड मीटर गाडावा लागतो. आपल्या मुरमात तो गच्च बसतो. तिथं वाळू. खड्ड्यात काँक्रीट भरलं नाही तर महिन्याभरात कलतो, तारा ढिल्या पडतात, एकमेकींना घासल्या की फ्यूज उडाला. कुठं काँक्रीट भरलं अन् कुठं नाही, ते मला विचारा."

रोख रक्कम जवळ ठेवायची, रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत. रस्ता बार्शी-टेंभुर्णी-पुणे, पुढं ताम्हिणी घाटानं माणगाव, म्हसळा. जवळपास ५०० किलोमीटर, म्हणून पहाटे चारला निघायचं आणि ताम्हिणी उजेडात उतरायचा. वरंधा आणि आंबेनळी घाट त्या जुलैच्या पावसानं खचले होते, तिकडून जवळ पडतं म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही.

सगळ्यात जास्त वेळ त्यानं पाण्यावर घालवला, आणि ते बरोबरच होतं, कारण आपल्याकडच्या माणसाला विहिरीत पोहता येतं म्हणून समुद्रही येतो असं वाटतं. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मधे सहा तासांनी ओहोटी. भरती चढत असताना कमरेपर्यंतच जायचं, पाणी उतरायला लागलं की बाहेर यायचं, ते पायाखालची वाळू घेऊन आत ओढतं. अमावास्या-पौर्णिमेला ओढ सगळ्यात जास्त. किनाऱ्यावरचं सुरूचं बन वादळात झोपलं, त्याचे बुंधे तेव्हा अजून वाळूत कुठं कुठं होते, म्हणून पळत पाण्यात शिरायचं नाही. सावलीही पूर्वीसारखी नाही, दुपारी खोलीवर परत.

"अन् गाडी वाळूत नाही घालायची."

"माझी फोर बाय फोर आहे!"

"तुझ्या गाडीवर स्टिकर फोर बाय फोरचं आहे."

टपरीवालाच आधी हसला.

सर शेवटी तयार झाले, एका अटीवर: भाव करायचा नाही, पैसे आगाऊ आणि पूर्ण द्यायचे. व्यंकट ऐटीत म्हणाला, "ॲडव्हान्स कालच टाकलाय. दिवेआगरला जागा नव्हती, मुरूडला मिळाली. तिथून जवळच आहे म्हणला मालक."

"कोणतं मुरूड?" बालाजी.

"मुरूड म्हणजे मुरूड."

"जंजिऱ्याचं असंल तर दिघीहून आगरदांड्याला जंगर, म्हणजे गाडी नेणारी बोट, उत्तरेला. दापोलीचं असंल तर बागमांडल्याहून वेसवीला जंगर, दक्षिणेला. कोणतं?"

व्यंकटनं फोन लावला, उचलला नाही. परत लावला.

सर म्हणाले, "आपलं लातूरजवळचं, बार्शी रोडचं मुरूड नाही ना? तिथं संप असला तरी अर्ध्या तासात पोचू."