खिडकी आधी लावून घ्या

आठवीच्या वर्गाला इंग्रजीतून वर्णन लिहायला शिकवायचं ठरलंच असेल, तर सगळ्यात आधी वर्गाची खिडकी लावून घ्या. जुलै महिना, विषय 'अ रेनी डे', आणि बाहेर खराखुरा पाऊस, म्हणजे धोक्याची वेळ. एखाद्या पोराची नजर पत्र्यावरून गळणाऱ्या पागोळ्यांवर गेली की ते विचारणार, "बाई, पागोळीला इंग्रजीत काय म्हणतात?" तिला नेमका सोपा असा एक शब्द नाही. मग सांगावं लागणार, 'वॉटर वॉज ड्रिपिंग फ्रॉम द एज ऑफ द रूफ'. एका पागोळीपायी 'ड्रिप' आणि 'एज' हे दोन शब्द, 'फ्रॉम' आणि 'ऑफ' यांच्या जागा, वर चालू भूतकाळ. तेही पोराने स्वतःहून मागून घेतलेलं, म्हणजे ते विसरायचंही नाही. असल्या भानगडीत पडलात तर पोर्शन पुरा व्हायचा कधी?

त्यापेक्षा फळ्यावर तयार निबंध लिहून द्या. पहिलं वाक्य काळ्या ढगांचं, तिसरं मोराचं. वर्ग डोंबिवलीतला असला म्हणून काय झालं, मोर नाचलाच पाहिजे. साठ वह्यांत एकच मोर असला की तपासणी झटपट होते: मोर दिसला, बरोबरची खूण, सही, पुढची वही. परीक्षेत नेमका 'अ मार्केट सीन' आला तर काय, ही काळजी नको. तोच मोर कोथिंबिरीच्या जुड्यांमधून नाचवत आणायचं कसब मुलांच्या अंगी आपोआप येतं.

आता शब्दांचं बघू. मराठी पोराकडे हिरवागार, पिवळाधमक, काळाकुट्ट, पांढराशुभ्र, लालभडक असा रंगाचा अख्खा डबा असतो. तो वर्गात उघडू देऊ नका. उघडलात तर 'ब्राइट येलो', 'पिच ब्लॅक', 'स्नो व्हाइट' यांच्याशी जोड्या लावत बसावं लागेल, आणि रंगाला नुसतं जास्त न म्हणता त्याची छटा सांगायची असते हे पोरांच्या ध्यानात येईल. त्याऐवजी सगळ्यांना मिळून एकच शब्द द्या: 'व्हेरी'. व्हेरी ग्रीन, व्हेरी येलो, व्हेरी ब्लॅक. खुसखुशीत करंजी, कुरकुरीत भजी आणि लुसलुशीत पुरणपोळी या तिघींना तर 'व्हेरी टेस्टी' एवढंच पुरतं. 'फ्लेकी', 'क्रिस्पी' आणि 'सॉफ्ट' हे वेगवेगळे शब्द आहेत, पण पोराच्या जिभेला फरक कळतो म्हणून वहीलाही तो कळला पाहिजे असं थोडंच आहे?

'व्हेरी'चा कंटाळा आला तर उलट्या टोकाला जा. 'ब्यूटिफुल'चे पंधरा समानार्थी शब्द पाठ करायला द्या. आठवड्याभरात 'मॅग्निफिसंट वडापाव' वाचायला मिळेल.

एका शब्दाला एकच अर्थ, हा नियमही कडक पाळा. 'कडक म्हणजे हार्ड' असं एकदा फळ्यावर लिहून टाका. मग कडक चहा 'हार्ड टी', कडक ऊन 'हार्ड सन' आणि कडक बाई 'हार्ड टीचर' होतील. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग', ऊन 'हॉट' आणि बाई 'स्ट्रिक्ट' असतात. जोराचा वारा 'स्ट्राँग', पण जोराचा पाऊस 'हेवी'. कुठला शब्द कुणाच्या पंक्तीला बसतो हे जोडीनेच शिकवावं लागतं, सुटा अर्थ देऊन भागत नाही. पण जोड्या शिकवायच्या तर फळा दोनदा पुसावा लागतो, आणि डस्टर नेहमी शेजारच्या वर्गात असतं.

'अ' आणि 'द' यांच्या बाबतीत मात्र मौन पाळा. 'देअर इज ट्री निअर माय हाउस. ट्री इज ओल्ड.' अशा वाक्यांखाली लाल रेघ ओढा, कारण सांगू नका. मराठीत असलं काही नसतंच, असंही ठणकावून सांगा. कारण पोराला 'एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या होत्या' ही गोष्ट आठवली तर पंचाईत आहे. पहिल्या भेटीत 'एक', ओळख झाली की 'तो'. 'अ' आणि 'द' बरेचसे असेच चालतात, हे त्याला आजीच्या मांडीवरच कळलेलं असतं. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आठवीपर्यंत जे झाकून ठेवलं, ते आता उघडं पाडण्यात काय शहाणपण?

विशेषणांचा क्रम पाठ करून घ्या: मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ, साहित्य. आणि सातही एकाच पेटीला चिकटवायला लावा. 'अ बिग ओल्ड वुडन बॉक्स' एवढ्यावर माणसाचं भागतं, पण मार्क पेटीला नसून रांगेला असतात. तीन शब्दांच्या चिठ्ठ्या करून बाकावर मागेपुढे सरकवायला दिल्या तर दहा मिनिटांत कान तयार होतो. पण मग चिठ्ठ्या वर्गभर उडतात आणि शिपाईमामा बोलतात.

शेवटचा धोका चित्राचा. कुणी सुचवेल की वर्णन शेजाऱ्याला वाचून दाखवायचं आणि त्याने ऐकून चित्र काढायचं. चित्र जिथे अडेल, तिथे वर्णन अपुरं. हे अजिबात करू नका. 'माय स्कूल इज व्हेरी ब्यूटिफुल. इट हॅज बिग ग्राउंड. आय लव्ह माय स्कूल' हे ऐकून शेजाऱ्याने ताजमहाल काढला तर त्याला चूक कसं म्हणणार? मग पोर चिडून सांगू लागेल की फाटक डावीकडे आहे, फाटकासमोर पाण्याची टाकी आहे, टाकीमागे चिंच आहे. 'ऑन द लेफ्ट', 'इन फ्रंट ऑफ', 'बिहाइंड' हे सगळं त्याला आत्ता, या क्षणी हवं असेल. वर्गात गोंगाट होईल, आणि मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहतील.

तेव्हा पेन्सिली गोळा करा, वह्या मागवा आणि प्रत्येक निबंधाखाली लिहा: 'इम्प्रूव्ह युअर हँडरायटिंग'.