आयाम मोजण्याला लागणारा वेळ
अतिवेगवान अणुबल सूक्ष्मदर्शकावरील (बारीक टोकाने पृष्ठभाग चाचपून चित्र काढणारे उपकरण) मी वाचलेल्या लेखात वेगाचे सारे श्रेय चिमुकल्या कॅन्टिलिव्हरला (टोक धरणारी लवचीक पट्टी) आणि नमुना हलवणाऱ्या चपळ स्कॅनरला दिले आहे. ते खरे असले तरी अपुरे आहे. टॅपिंग पद्धतीत, म्हणजे टोक नमुन्यावर हलके टकटकवत नेताना, टोक-नमुन्यातले अंतर सावरणारा फीडबॅक चालतो तो कंप पावणाऱ्या कॅन्टिलिव्हरच्या आयामावर (कंपनाच्या झेपेवर), आणि तो आयाम अजमावायला उशीर झाला तर टोक जोराने आदळून प्रथिनासारखा नाजूक नमुना बिघडवते. नांदेडला एम.एस्सी.च्या मुलांना लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर (ठरावीक वारंवारतेचा संकेत गोंगाटातून वेगळा काढणारे उपकरण) शिकवताना हेच दिसते: टाइम कॉन्स्टंट, म्हणजे सरासरीचा कालावधी, वाढवला की आकडा स्थिरावतो, पण खरा बदलही रेंगाळत उमटतो. त्यात संकेताचा संदर्भ लहरीशी गुणाकार होतो; त्यातून निघणारी दुप्पट वारंवारता गाळायला लो-पास फिल्टर (कमी वारंवारताच जाऊ देणारा) लागतोच, आणि खोळंबा तिथेच होतो. २०१० मध्ये मायोसिन-५ या प्रथिनाची चाल चित्रित करणाऱ्या कानाझावा विद्यापीठातील तोशियो आंदो यांच्या गटाने म्हणूनच एकेका आवर्तनातून आयाम काढण्याचा मार्ग धरला. मात्र शिखराचा एकच बिंदू उचलला तर गोंगाटही सोबत येतो. काल्मन फिल्टर, म्हणजे अंदाज आणि मोजमाप यांची सांगड घालणारी गणनपद्धत, साइन लहरीचे प्रारूप आधीच गृहीत धरतो, त्यामुळे तो मला अधिक समंजस उपाय वाटतो, अर्थात गोंगाटाचे मापदंड नीट बसवले तरच. लेखकांनी या भागावर सविस्तर लिहावे, ही विनंती.