पाच लाखांत हायवेची गाडी: पासिंगचं वर्ष नंतर बघा, आधी ती रस्ता कसा धरते ते बघा

मला गाड्यांचं वेड आहे हे ओळखीच्यांना माहीत आहे, त्यामुळे एक मेसेज सारखा येतो. बजेट चार ते पाच लाख, नोकरी पुण्यात, घर सातारा-सांगली-कोल्हापूरकडे, महिन्यातून एक-दोनदा जाणं-येणं, सुट्टीला कोकण. जुनी गाडी घ्यायची आहे, कुठली घेऊ? खाली तीन-चार जाहिरातींचे फोटो असतात आणि ते बघून माझा जीव तुटतो. कारण सगळ्यांचा हिशोब एकच असतो, पासिंग जितकं अलीकडचं तितकी गाडी चांगली. २०२१ ची हजार सीसीची छोटी हॅचबॅक, टचस्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, रनिंग कमी. शहरात फिरायला ती गाडी उत्तम आहे, याबद्दल वादच नाही. पण तीच गाडी खेड-शिवापूरचा टोल ओलांडून शंभरला लावा, शेजारून एखादी मोठी बस सुसाट जाऊ द्या, आणि स्टेअरिंग हातात कसं वळवळतं ते बघा.

माझं म्हणणं असं की ज्याला खरंच लांबचं ड्रायव्हिंग आहे, त्यानं याच पैशात २०१६ ते २०१८ च्या दरम्यानची, पण एक पायरी वरच्या दर्जाची गाडी घ्यावी. नवी असताना जी आठ-दहा लाखांना होती ती. चार वर्षं जुनी साधी गाडी आणि आठ वर्षं जुनी चांगली गाडी एकाच किमतीला समोर उभ्या असतील, तर हायवेसाठी दुसरी घ्या. अट एकच, ती नीट सांभाळलेली हवी. त्याकडे खाली येतो.

आणखी एक गोष्ट लोक गृहीत धरतात. आराम हवा असेल तर मजा सोडा, आणि मजा हवी असेल तर कंबर मोडून घ्या. मला हे अजिबात पटत नाही. हायवेवर माणूस कशानं थकतो ते जरा बघा. गाडी सरळ चालत नसेल तर आपले हात नकळत सतत बारीक-बारीक दुरुस्ती करत राहतात, आणि साताऱ्यापर्यंत खांदे भरून येतात. सीटचा पुढचा भाग आखूड असेल तर मांड्यांना आधार मिळत नाही, सगळा भार कंबरेवर येतो. छोटं पेट्रोल इंजिन पाचव्या गिअरला शंभरच्या वेगात तीन हजारांच्या आसपास आरपीएमवर (मिनिटाला इंजिनचे फेरे) फिरतं, डिझेल साधारण दोन हजारांवर. हा एक हजार आरपीएमचा फरक चार तास कानात वाजत राहतो. कंटेनरला ओव्हरटेक करताना दर वेळी दोन गिअर खाली यावं लागत असेल तर मन सैल होतच नाही. आता ही यादी उलटी करा. सरळ चालणारी बॉडी, वजनदार स्टेअरिंग, नीट सीट, खालच्या आरपीएमला भरपूर टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ. हीच गाडी घाटातही मजा देते! ज्या गुणांनी थकवा जातो त्याच गुणांनी आंबा घाटात चेहऱ्यावर हसू येतं.

मऊ सस्पेन्शन म्हणजे आराम, हाही तसाच समज. सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर वीसच्या स्पीडला मऊ गाडी छान वाटते. ऐंशीला पुलाच्या जॉइंटवरून गेलात की तीच गाडी वर उचलते, खाली बसते, पुन्हा उचलते, आणि मागे बसलेल्या आईला मळमळायला लागतं. चांगली गाडी एकदाच "धप्" करते आणि विषय संपवते. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपले सगळे रस्ते एक्सप्रेसवे नाहीत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे ९४.५ किलोमीटरचा, समृद्धी ७०१ किलोमीटरचा, पण सातारा-कागल पट्ट्यात सहापदरीकरणानं किती वर्षं डायव्हर्जन आणि सर्व्हिस रोड दाखवलेत ते आमच्या भागातल्या माणसाला विचारा. नव्वदवरून एकदम खडबडीत पट्ट्यात उतरणं आणि परत नव्वदवर जाणं, हा आमचा खरा हायवे आहे.

आता गाड्या.

मी स्वतः फोर्ड फिगो चालवतो, २०१५ साली आलेली दुसऱ्या पिढीची, १.५ लिटर डिझेल. त्यामुळे माझा कल उघड आहे, पण कारणंही पक्की आहेत. १०० पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवर) ताकद, २१५ न्यूटन-मीटर टॉर्क, आणि गाडीचं वजन हजार किलोच्या थोडंच वर. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ही गाडी ज्या सहजतेनं ट्रकच्या रांगेतून बाहेर निघते, ते एकदा अनुभवा. वळणात नाक जिथे वळवाल तिथेच जातं. १७४ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स असल्यानं गावच्या रस्त्याला पोट घासत नाही. डिकी हवी असेल तर हेच इंजिन अ‍ॅस्पायरमध्ये मिळतं. घ्यायची तर टायटॅनियम किंवा त्याच्या वरचं व्हेरियंट घ्या, कारण त्यात एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि दोन एअरबॅग आहेत. साडेतीन ते साडेचार लाखांत चांगली गाडी हाती येते. ही किंमत इतकी कमी असण्याचं कारण म्हणजे फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि लोक घाबरले. सर्व्हिस आणि पार्ट्स चालू आहेत. रोजच्या झिजेचे पार्ट्स मिळतात, बॉडीच्या एखाद्या पार्टला थांबावं लागू शकतं. तुमच्या गावापासून सर्व्हिस सेंटर फार लांब असेल, तर मात्र जवळ फोर्डचं काम जाणणारा मेकॅनिक आहे का ते आधी शोधा. तो नसेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही.

दुसरी पसंती चाकणच्या कारखान्यातली मंडळी: फोक्सवॅगन पोलो आणि तिची डिकीवाली बहीण व्हेंटो. स्कोडा रॅपिडही त्याच घरातली. यांचं दार लावतानाचा आवाजच विश्वास देतो. हायवेवर इतकी घट्ट, शांत गाडी या पैशात दुसरी नाही. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत विनाएअरबॅग पोलोला शून्य आणि दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार स्टार मिळाले, त्यानंतर कंपनीनं विनाएअरबॅग पोलो विकणंच थांबवलं. पण नुसतं "पोलो" बघून पैसे देऊ नका. सुरुवातीच्या वर्षांतलं १.२ लिटर तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन ७५ पीएसचं होतं आणि ते त्या जड बॉडीला पुरत नाही. हायवेसाठी १.५ टीडीआय, म्हणजे डिझेल बघा. जीटी टीडीआय मिळाली तर १०५ पीएस आणि २५० न्यूटन-मीटर मिळतात, आणि ओव्हरटेकचा विचार करेपर्यंत ओव्हरटेक झालेला असतो. जीटी टीएसआय ही १.२ टर्बो पेट्रोल, सात गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह, चालवायला स्वर्ग आहे. पण त्या ड्राय क्लच गिअरबॉक्समधलं मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा कंट्रोल भाग) गेलं तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. ज्यानं कसेबसे पाच लाख जमवलेत त्याला मी ती गाडी सुचवणार नाही, कितीही मोह झाला तरी. मॅन्युअल डिझेल घ्या, सुखी राहाल.

मागे आई-बाबा बसणार असतील आणि पेट्रोलच हवं असेल तर २०१४ नंतरची होंडा सिटी. मागे पाय पसरून बसता येतं, १.५ आय-व्हीटेक इंजिन ११९ पीएसचं आहे आणि ते जितकं फिरवाल तितकं खुलतं. टायरचा आवाज आत येतो, घाटात फिगोइतकी चपळ वाटत नाही. पण घरातल्या सगळ्यांचं एकमत होईल अशी गाडी हीच.

ज्यांचा निम्मा प्रवास कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या उखडलेल्या रस्त्यांवर आहे, त्यांनी रेनॉ डस्टर ११० पीएस डिझेल चालवून बघावी. उंच गाड्यांचं मला फारसं कौतुक नाही, बहुतेक वळणात कलतात. डस्टर अपवाद आहे. खड्डा दिसला तरी वेग कमी करावासा वाटत नाही, इतकं तिचं सस्पेन्शन समर्थ आहे.

फियाट लिनिया आणि पुंटोबद्दल विचारणारेही आहेत. रांजणगावात बनलेल्या त्या गाड्यांचं हायड्रॉलिक स्टेअरिंग अजून माझ्या हातांना आठवतं, इतकं सुंदर होतं. किंमतही आता मातीमोल. पण घरातली एकमेव गाडी म्हणून घेऊ नका. पार्ट्सच्या मागे धावायची हौस आणि दुसरी गाडी, दोन्ही असतील तरच.

डिझेलची भीती बाळगणाऱ्यांसाठी दोन शब्द. दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचा वाद दिल्ली-एनसीआरचा आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे फिटनेस तपासून आणि पर्यावरण कर भरून नूतनीकरण होतं. म्हणूनच दिल्लीच्या गाड्या इकडे स्वस्तात विकायला येतात. त्या टाळा, कारण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि आरटीओचे हेलपाटे धरले की स्वस्ताई संपते. बीएस-४ या आधीच्या प्रदूषण नियमांच्या काळातल्या बहुतेक छोट्या डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा आणि तुंबणारा फिल्टर नाही, त्यामुळे ती डोकेदुखीही नाही. मात्र तुमचं रनिंग फक्त शहरातलं असेल, तर हे सगळं सोडा आणि पेट्रोल घ्या.

आता गाडी बघायला जाल तेव्हाचं. इथे घाई करू नका, हात जोडून सांगतो.

आमच्या भागात पहिली तपासणी पुराची. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ ला कोल्हापूर-चिपळूण पाण्याखाली होतं, आणि त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून आजही बाजारात फिरतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो त्यावर मातकट रेघ आहे का बघा. सीट पुढे सरकवून खालच्या रेलवर गंज आहे का, स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात बारीक गाळ आहे का, हे मोबाइलचा टॉर्च लावून बघा. वरून पॉलिश मारता येतं, पण तिथवर कुणाचा हात पोचत नाही. तसं काही दिसलं तर किंमत कितीही पाडली तरी निघून या.

दरवाजाचं रबर थोडं ओढून बघा. कंपनीच्या स्पॉट वेल्डचे गोल ठसे एकसारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. तिथे पुट्टी किंवा वेगळा रंग दिसला तर दरवाजाच्या चौकटीचा तो खांब एकदा कापला गेला आहे असं समजा. मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, सर्व्हिस रेकॉर्ड मागा. ४५ हजार चाललेल्या गाडीचं क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं.

टायरच्या बाजूला छापलेल्या डॉट (DOT) कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक दिसो, इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, काँक्रीट तापतं, आणि टायर फुटून झालेले अपघात आपण वाचले आहेत. तिथे आरटीओनं टायर तपासून गाड्या परतही पाठवल्या आहेत. जुने टायर दिसले की चार नव्या टायरचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

आणि टेस्ट ड्राइव्ह हायवेवरच घ्या. गल्लीत चक्कर मारून काहीही कळत नाही. रेडिओ बंद, काचा बंद. ऐंशीला स्टेअरिंगवरची पकड सैल करा (हात काढायचा नाही), गाडी एका बाजूला ओढते का बघा. मागे कुणी नाही याची खात्री करून जोरात ब्रेक लावा, स्टेअरिंग थरथरलं तर डिस्क वाकल्या आहेत. चौथ्या गिअरला पन्नासवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम वर पळाला आणि वेग मागे राहिला तर क्लच प्लेट गेली. डिझेल असेल तर त्याच वेळी आरशातून मागे काळा लोट दिसतो का बघा. मग एखाद्या खराब पट्ट्यावरून मुद्दाम न्या आणि खालून खडखड येते का ऐका. शॉकअब आणि बुश बदलता येतात, ते गाडी नाकारायचं कारण नाही, भाव पाडायचं आहे. मालक हायवेवर न्यायला नाही म्हणाला तर तुम्हीही गाडीला नाही म्हणा.

कागदांचं थोडक्यात. आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरलेला हवा, ई-चलन शून्य हवेत, दुसरी किल्ली हवी, एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसलेली हवी. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे विम्याचा हिशोब आधीच करा. नावावर करण्याचं काम एजंटच्या तोंडी भरवशावर सोडू नका, पैशाचा शेवटचा हप्ता त्याच्याशी बांधा.

बजेट पाच लाख असेल तर गाडीवर सव्वाचार-साडेचारच घाला. उरलेल्या पैशातून घरी आणल्या आणल्या सगळी ऑइल्स, फिल्टर, कूलंट, ब्रेक फ्लुइड, गरज असेल तर टायर, पुढचे शॉकअब आणि व्हील अलाइनमेंट करून घ्या. फिगो किंवा रॅपिड घेतलीत तर टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल विचारा. बिल नसेल तर पहिल्याच महिन्यात तो बदलून टाका, कारण तो तुटला तर इंजिन उघडावं लागतं आणि वाचवलेले सगळे पैसे तिथेच जातात.