‘वर्ष वाया जातंय’ म्हणणाऱ्या त्या मजकुराबद्दल

प्रवेशाचे दिवस आले की कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदा मला तो सहा जणींनी पाठवला. कुणी शिवाजी पेठेतली, कुणी कसबा बावड्याची, एक तर उचगावची. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: मेंदूची नव्वद टक्के वाढ पाच वर्षांच्या आत होते, म्हणून मूल अडीच वर्षांचं झालं की शाळेत घाला. पाचव्या वर्षी वाचणारं मूल दहावीपर्यंत पुढंच राहतं. वर्गात सगळ्यात लहान असलं तर मोठ्यांच्या बरोबरीनं पळायला शिकतं. आणि पहिलीसाठी सहा पूर्ण होईपर्यंत थांबायला लावणारा नियम म्हणजे पोराच्या आयुष्यातलं एक वर्ष वाया.

मी बावीस वर्षं बालवाडी चालवते. या मजकुरावर विश्वास ठेवून घाईनं आणलेली लेकरं जूनमध्ये माझ्यापुढं बसून रडतात, म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेऊन उत्तर देतेय.

मेंदूचा आकडा खोटा नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूचं आकारमान मोठ्या माणसाच्या जवळपास नव्वद टक्के भरतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लिहिलंय, की मेंदूचा ८५ टक्क्यांहून जास्त विकास सहा वर्षांच्या आत होतो. पण तेच धोरण पुढं सांगतं, की या वयाचं शिकणं खेळातून, गोष्टी-गाण्यांतून, हातानं काही करण्यातून व्हावं. मजकुरात तेवढंच गाळलंय. शिवाय आकार भरला म्हणून शिकणं थांबत नाही, मेंदूतल्या जोडण्या विशी ओलांडेपर्यंत घडत असतात. आजीशेजारी बसून शेंगा सोलणारं, रंकाळ्यावर पाण्यातले पक्षी मोजणारं पोर मेंदू वाढवतच असतं. त्यासाठी त्याला गणवेश लागत नाही.

लवकर वाचणारं मूल कायम पुढं राहतं, हे तर अभ्यासांत टिकलेलं नाही. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सुगेट या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचायला शिकलेली मुलं आणि सातव्या वर्षी शिकलेली मुलं ताडून पाहिली. अकराव्या वर्षापर्यंत दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता, आणि वाचलेलं समजण्यात उशिरा शिकलेली किंचित सरस होती. फिनलंडमध्ये मुलं ज्या वर्षी सात पूर्ण करतात त्या वर्षी पहिलीला जातात. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा अनुभव मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथं सरकारी पूर्वप्राथमिक वर्गांत जागांपेक्षा अर्ज जास्त होते, म्हणून सोडत काढून प्रवेश दिले. प्रवेश मिळालेली मुलं आधी पुढं होती. सहावीत पाहिलं तर, ज्यांना प्रवेश मिळाला नव्हता त्यांच्या मागं गेलेली. तेव्हा लवकर वर्गात बसणं एवढ्यानं काही साधत नाही. वर्गातल्या वेळात मुलांकडून काय करून घेतलं जातं, हे विचारायला हवं. आपल्याच गावात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं ते मुलांनी अनुभवातून, आनंदानं शिकावं म्हणून. कोल्हापूरकरांना ही गोष्ट परक्या देशातून ऐकायची गरज पडू नये.

आता ‘लहान असलं तर मोठ्यांबरोबर पळायला शिकतं’ याकडे येते. इथं मला थोडं थांबायचंय.

आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत वय धरतात: नर्सरीला तीन पूर्ण, पहिलीला सहा पूर्ण. म्हणजे जूनमध्ये पहिलीच्या एकाच वर्गात जानेवारीत जन्मलेलं मूल जवळजवळ साडेसहा वर्षांचं असतं आणि डिसेंबरातलं जेमतेम साडेपाचचं. साडेपाच वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे किती, ते मोजून बघा. नर्सरीत तर एक अडीच वर्षांचं आणि एक साडेतीनचं, शेजारी शेजारी.

माझ्याकडं एक डिसेंबरातला मुलगा होता. घरी त्याच्याकडून ‘अ’ गिरवून घ्यायचे. तो पेन्सिल मुठीत धरायचा, मुसळ धरावं तशी, आणि सगळा खांदा हलवून रेघ ओढायचा. कागद फाटायचा. फाटला की माझ्या तोंडाकडं बघायचा. त्याची आई मला म्हणाली, “बाई, त्याच्याबरोबरची सगळी लिहायला लागली, आमचंच तेवढं मागं राहिलंय ओ.” त्याच मुलाला मी परातीत चिंचोके, सागरगोटे आणि गुंजा मिसळून दिल्या. वीस मिनिटं मान वर न करता त्यानं तीन ढीग केले, आणि लहान चिंचोक्यांचा चौथा ढीग स्वतःच्या मनानं वेगळा लावला. हे पोर मागं कुठं होतं? फक्त त्याची बोटं अजून तयार नव्हती.

हे माझ्या एकटीच्या बालवाडीतलं नाही. केली बेडर्ड आणि एलिझाबेथ ड्यूई या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली अनेक देशांतल्या गणित-विज्ञानाच्या चाचण्यांचे गुण तपासले. शंभर मुलं गुणांप्रमाणे ओळीत उभी केली, तर चौथीतली वयानं सगळ्यात लहान मुलं सगळ्यात मोठ्यांच्या ४ ते १२ जागा मागं होती. आठवीतही २ ते ९ जागांचा फरक शिल्लक होता.

त्याहून काळजी लावणारी गोष्ट २०१८च्या एका अभ्यासातली. अमेरिकेतल्या ज्या राज्यांत प्रवेशाचं वय १ सप्टेंबरला मोजतात, तिथं ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना सप्टेंबरात जन्मलेल्यांपेक्षा अतिचंचलतेचं निदान ३४ टक्के जास्त वेळा मिळालं. जिथं ती तारीख लागू नव्हती तिथं या दोन महिन्यांत असा फरक नव्हता. म्हणजे पोर वयानं लहान होतं, आणि शेजारच्या मोठ्या पोराशी ताडून त्याला आजार ठरवला गेला. आपल्याकडं डॉक्टरपर्यंत गोष्ट जात नसेल, पण ‘ढ’, ‘बावळट’, ‘एका जागी बसतच नाही’ हे शिक्के पहिल्याच सत्रात बसतात. ते पुसायला किती वर्षं जातात हे मी पाहिलंय.

जुने गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की नाव घालायचे, आणि जन्मतारीख माहीत नसली की सरसकट १ जून लिहायचे. ती काही अचूक मोजणी नव्हती. पण त्यांची नजर पोराच्या अंगाकडं, तयारीकडं होती.

राहिलं ‘वर्ष वाया’. सहा वर्षांचं वय हे नवं खूळ नाही, २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानंही सहा ते चौदा हेच वय धरलंय. एक गोष्ट मात्र मान्य करते: वर्षभर उशिरा शिकून बाहेर पडलेला मुलगा वर्षभर उशिरा कमवायला लागतो. नॉर्वेत हे तपासलंय. लवकर शाळेत गेलेल्यांची कमाई सुरुवातीला जास्त दिसली, पण तिशीच्या आसपास तो फरक संपला.

याच्या उलटा मजकूरही फिरतो, की मुद्दाम आणखी एक वर्ष थांबवा, पोर वर्गात पहिलं येईल. तोही मला पटत नाही. एल्डर आणि लुबॉट्स्की या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवलं, की मोठ्या वयात आलेली मुलं पुढं दिसतात ती बरीचशी आधीच्या वर्षात घरी जे शिकली त्याच्या जोरावर, आणि तो फायदा पुढच्या इयत्तांत ओसरत जातो. सधन घरांत तो मोठा असतो, गरीब घरांत कमी. ज्या घरात गोष्ट सांगायला दुपारी माणूस आहे, तिथं थांबलेलं वर्ष भरून निघतं. आई-बाप दोघं ऊसतोडीला किंवा एमआयडीसीत, आणि पोर मोठ्या बहिणीच्या कडेवर, तिथं थांबवणं म्हणजे नुकसानच. अशा आईला मी सांगते, जवळच्या अंगणवाडीत नाव घाल, आणि तिथं खेळ, गाणी चालतात का ते दोन दिवस दाराशी बसून बघ.

त्या डिसेंबरातल्या मुलाच्या आईनं त्याला पुन्हा एक वर्ष माझ्याकडंच ठेवलं. तिचा दीर चिडला होता. मला ते तिच्यासाठी योग्य वाटलं, सगळ्यांसाठी वाटेल असं नाही. त्या वर्षापासून माझ्या हजेरीपटावर नावं आडनावाप्रमाणे नसतात, जन्ममहिन्याप्रमाणे असतात, जानेवारी वर आणि डिसेंबर खाली. पहिलीला मुलं जातात तेव्हा त्याची एक प्रत मी पुढच्या बाईंच्या हातात देते.