‘दहा मिनिटांत गुंडाळलं’ असं लिहिणाऱ्या ग्राहकाला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय वाचला. एकच तारा दिलात. तुमचं म्हणणं असं, की ५०० वॅटचं म्हणून घेतलेलं बेस गिटारचं अँप (आवाज मोठा करणारं यंत्र) मंडळाच्या कार्यक्रमात ऐकूच आलं नाही, आतली ट्यूब (सिग्नल वाढवणारी काचेची नळी) म्हणजे नुसता दिवा आहे, ऑनलाइन तेच ४,००० रुपयांनी स्वस्त होतं, दुकानात दहा मिनिटं वाजवू देऊन गुंडाळलं आणि नंतर फोन केला तर मालक खेकसले.

खेकसलो, हे खरं आहे. मंगळवारी तुमचा फोन आला तेव्हा "आधी कॅबिनेटच्या मागची पट्टी वाचा, मग बोला" असं मी तोडून बोललो (कॅबिनेट म्हणजे स्पीकरचं खोकं). तुमचा आदल्या रात्रीचा कार्यक्रम फसला होता, मंडळातल्या पोरांसमोर तुमची मान खाली गेली होती आणि वरून मी असं बोललो. चूक माझी आहे. मनापासून माफी मागतो.

पण ती दहा मिनिटं काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाहीत.

शनिवारी तुम्ही दादर स्टेशनवरून फोन केलात, "पश्चिमेला उतरलोय, दुकान कुठे?" तो फोन माझ्या मोबाइलवर ६ वाजून ११ मिनिटांचा आहे. तुमच्या कार्डाची पावती निघाली ८ वाजून ७ मिनिटांनी. स्टेशन ते दुकान गर्दीतून दहा मिनिटं धरली तरी पावणेदोन तास होतात. गणपतीच्या आधीचा शनिवार होता तो. ढोलकीवाले, बँजो पार्टीवाले, कीबोर्डचे अडॅप्टर शोधणारे, सगळे दारात उभे होते. १० बाय १४च्या दुकानात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. तरी आतला स्टूल तुम्हाला दिला, पोऱ्याला सांगून दोनदा चहा आणला आणि तुमचा पाच तारांचा बेस मी स्वतः सुरात लावून दिला.

तुम्ही आल्या आल्या म्हणालात, "जुन्या रेकॉर्डवर ऐकू येतो तसा जाड, गुरगुरणारा आवाज पाहिजे." मी तुम्हाला अँपेग कंपनीच्या एसव्हीटी या पूर्ण ट्यूबच्या बेस अँपबद्दल सांगितलं. १९६९ साली आला, ३०० वॅटचा, आत १४ ट्यूब, नुसतं हेडच (स्पीकर सोडून अँपचा डबा) ३५ किलोच्या वर आणि खाली १० इंची ८ स्पीकरचं कपाटाएवढं कॅबिनेट. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता, लिफ्ट नाही, लोकलने तालमीला जाता. म्हणून म्हटलं, ज्यात प्रीअँपला, म्हणजे आवाज घडवणाऱ्या पहिल्या टप्प्याला, एक ट्यूब आहे आणि पुढची ताकद क्लास डीची, म्हणजे वजनाने हलक्या ट्रान्झिस्टर सर्किटची, आहे असं हेड घ्या, खांद्याच्या पिशवीत मावतं. पूर्ण ट्यूबचं अँप हे नाही, हेही तेव्हाच सांगितलं होतं. लपवून विकायचं असतं तर सांगितलंच नसतं.

मग आपण दोन हेड शेजारीशेजारी ठेवली, एक बिनट्यूबचं आणि एक ट्यूबचं. तीच वायर, तेच कॅबिनेट, टोनची सगळी बटणं मधोमध. बिनट्यूबच्या हेडवर आवाज स्वच्छ होता, पण तुम्हीच म्हणालात, "सपाट वाटतोय." मग ट्यूबच्या हेडवर गेन (आत येणारा सिग्नल वाढवायचं बटण) हळूहळू चढवत नेला. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर जोरात मारलेला सूर कडेने थोडा खरखरीत झाला आणि हळू मारलेला तसाच गोल राहिला. तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहून हसलात. ते हसू मला आठवतंय, म्हणून हा अभिप्राय जास्त लागला.

आता त्या ‘दिव्या’बद्दल. काही अँपमध्ये ट्यूबच्या मागे शोभेचा एलईडी लावतात, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. तुम्ही तिथेही विचारलंत. मी हेड बंद केलं, थोडा वेळ जाऊ दिला, वरच्या जाळीचे चार स्क्रू काढले आणि १२एएक्स७ ट्यूब काढून तुमच्या तळहातावर ठेवली. बोटाच्या पेरांएवढी काच, खाली नऊ पिना, वरच्या टोकाला आतून चंदेरी डाग. मग ट्यूबशिवाय हेड चालू केलं. आवाज शून्य. पुन्हा बंद करून ट्यूब बसवली, अर्धा मिनिट ती तापेपर्यंत थांबलो आणि आवाज आला. नुसता दिवा असता तर तो काढल्यावर बेस बंद पडला नसता. एवढ्याला वीस मिनिटं गेली असतील. ती तुमच्या दहा मिनिटांत कशी बसवू?

एवढं खरं, की आठच्या सुमारास दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि मी म्हणालो, "घ्यायचं की नाही ते ठरवा आता." ते घाईचं वाटलं असेल. पण त्याच्या आधीचा दीड तासही कुठेतरी लिहायला हवा होता, एवढंच माझं म्हणणं.

आता मूळ तक्रार. मी दोनदा विचारलं होतं, तुमचं कॅबिनेट किती ओहमचं? (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप; ते जास्त असलं की हेड कमी ताकद देतं.) तुम्ही म्हणालात, "चारचं." मी बिलावर तसं लिहिलं. कार्बनची प्रत माझ्यासमोर आहे, माझ्याच अक्षरात: ‘कॅबिनेट ग्राहकाचे, ४ ओहम, सांगितल्याप्रमाणे.’ मंगळवारी फोनवर तुम्ही पट्टी वाचलीत तेव्हा निघालं ८ ओहम, १० इंची एक स्पीकर. ही ५०० वॅटची हेड ४ ओहमवर ५०० देतात. ८ ओहमवर अडीचशे-तीनशेच्या घरात येतात. हे हेडच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं.

तरी प्रामाणिकपणे सांगतो, सगळा दोष त्या ओहमचा नाही. वॅट निम्मे झाले म्हणून आवाज निम्मा होत नाही, फक्त ३ डेसिबलने उतरतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. तुमचं खरं अडलं ते चाळीच्या पटांगणात. भिंती नाहीत, वर आकाश, शेजारी ताशा. पाच तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार ३१ हर्ट्झच्या आसपास बोलते, चार तारांची जाड तार ४१ला. एवढा खालचा सूर उघड्यावर पुरेसा ढकलणं १० इंची एका स्पीकरला झेपत नाही, वर कुठलंही हेड ठेवा. खरं तर लहान कॅबिनेटवर ट्यूबचा उपयोग जास्त होतो. गेनमुळे वरचे उपसूर तयार होतात आणि खालचा मूळ सूर कमी असला तरी कान तो त्यांच्यावरून ओळखतो. म्हणूनच मी गेन अर्ध्याच्या पुढे ठेवायला सांगितला होता. तुम्ही फोनवर म्हणालात, खरखर नको म्हणून पार खाली आणला.

आणि मागच्या डीआयमधून, म्हणजे थेट मिक्सरसाठी असलेल्या आउटपुटमधून, एक वायर साउंडवाल्याच्या मिक्सरला द्यायची, हेही सांगितलं होतं. मंडळाचे मोठे स्पीकर उभे असताना बेसचा सगळा भार एका छोट्या कॅबिनेटवर का टाकायचा? पण घाईत राहिलं असेल. कार्यक्रमाच्या दिवशी दहाच्या आत आवाज बंद करायचा असतो, सगळ्यांचीच पळापळ असते. ते मी समजू शकतो.

एक चूक मात्र माझ्या पदरात घेतो. तुम्ही दुकानात ऐकलंत ते ४ ओहमच्या, १० इंची ४ स्पीकरच्या कॅबिनेटवर. त्यावर कुठलंही हेड भरदार वाटतं. तुमच्यासारखं एकाच स्पीकरचं कॅबिनेट लावून दाखवायला हवं होतं. "तुमचं कॅबिनेट घेऊन या" म्हटल्यावर तुम्ही टेम्पोचा खर्च कोण करणार असं विचारलंत आणि मी विषय सोडला. सोडायला नको होता. यापुढे लहान कॅबिनेटवर ऐकवल्याशिवाय हेड द्यायचं नाही असं ठरवतो आहे, जागेचं कसं जमवायचं ते बघावं लागेल.

किमतीचं थोडक्यात. तुम्ही मोबाइलवर दाखवलेला स्वस्त पीस १२० व्होल्टचा होता. आपल्याकडे २३० आहेत. तसाच लावला असता तर पहिल्याच दिवशी जळू शकला असता.

माझे वडील याच जागेत पेट्या दुरुस्त करायचे. भाता शिवायला आलेल्या माणसालाही ते आधी पेटी वाजवून दाखवायला सांगायचे, मग हात लावायचे. तेच बघत मी मोठा झालो. तुमचा अभिप्राय आल्यापासून दोन जणांनी फोन करून विचारलं, "तुमच्याकडचं ट्यूबचं अँप खोटं असतं का?" एका आईने मुलासाठी सांगून ठेवलेलं हेड नको म्हणून कळवलं. भाडं, पोऱ्याचा पगार, सगळं यावरच आहे. रागाने नाही लिहीत, पण ‘गुंडाळलं’ या शब्दाने काय होतं ते तुम्हाला कळावं.

हेड परत घ्यायला मी नाही म्हटलेलं नाही. पण त्याआधी एकदा या. तुमच्या कॅबिनेटसारखंच ८ ओहमचं दुसरं जोडलं की दोन्ही मिळून ४ ओहम होतात, हेड पूर्ण ताकदीने चालतं आणि हवा ढकलायला दोन स्पीकर मिळतात. तसं एक कॅबिनेट मी बाजूला काढून ठेवलंय, विकायला नाही, तुम्हाला विसर्जनापर्यंत वापरायला. पैसे नकोत. तुमचं कॅबिनेट टॅक्सीत टाकून आणा, भाडं मी देतो. सोमवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी अकराला या, तेव्हा दुकानात कोणी नसतं. बेस आणायला विसरू नका.